पडद्यावरची एसटी आणि घाटातली एसटी

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा आपल्या गटाचा विषय नव्हे. बचत, गांडूळखत, कोकम सरबत सोडून ही बाई मोबाईलवरच्या गाड्यांच्या खेळांबद्दल काय बोलणार? पण घरात दहा ते वीस वयाचा मुलगा असेल, तर हा विषय रोज तुमच्या पडवीत बसलेला असतो. तेव्हा वाईच ऐकून घ्या.

गणपतीत आमच्याकडे मुंबईची मंडळी आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर मुलं पडवीत मोबाईल घेऊन बसली. पडद्यावर लाल एसटी, आपलीच, महाराष्ट्राची, आणि समोर घाटाचा रस्ता. भाचा बोटाने स्टेअरिंग फिरवत होता. आवाज एसटीचा, हॉर्न एसटीचा, मागच्या काचेवरची अक्षरंसुद्धा एसटीची. आमच्या काकू पान लावता लावता बघत होत्या. एका वळणावर त्याने गाडी अशी काही हाणली, की खरी असती तर दरीतच गेली असती. काकूंनी विचारलं, "आतून कुणी ओरडत कसं नाही रे?"

मुलं हसली. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. पडदा इतका खरा दिसतो, मग त्यात काय खरं आहे आणि काय राहून गेलं आहे? हे खेळ कसे बनत गेले, ते शोधून वाचलं. तेच आज सांगते.

गोष्ट सुरू होते पेटीच्या भात्यापासून. पेटी म्हणजे आपली भजनातली. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचा मोठे ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनही पेटीसारखाच हवेवर वाजतो, त्यालाही भाते लागतात. १९२९ साली लिंकने तेच भाते एका छोट्या लाकडी विमानाखाली बसवले. आत बसलेल्याने दांडा हलवला की भाते भरत-रिकामे होत आणि लाकडी विमान जमिनीवरच डुलत, कलत, वळत असे. वैमानिकांना शिकवण्यासाठी त्याने ते केलं होतं, पण घेणारं कोणी भेटेना, म्हणून सुरुवातीला ही यंत्रं गेली जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांत, आपल्याकडचे पाळणे असतात तशी. पुढे १९३४ साली अमेरिकेच्या लष्कराकडे विमानाने टपाल नेण्याचं काम आलं. ढगाळ, धुक्याच्या हवेत उडायची सवय नसलेले कितीतरी वैमानिक त्यात मेले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले.

हे आधी सांगितलं, कारण खेळ आणि शिक्षण यांची सरमिसळ तेव्हापासूनची आहे. 'नुसता खेळ आहे' म्हणून झटकता येत नाही आणि 'यातच शिकला की' म्हणून निर्धास्तही होता येत नाही.

मोटारीचा खेळ पडद्यावर यायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. १९७४ साली अटारी या अमेरिकन कंपनीने 'ग्रॅन ट्रॅक १०' नावाचं कपाटाएवढं यंत्र काढलं. नाणं टाकायचं आणि खेळायचं. पडद्यावर होतं काय? काळ्यावर पांढरे ठिपके. ठिपक्यांच्या दोन रांगा म्हणजे रस्ता, घारीला वरून दिसावा तसा. पण यंत्राला खरं स्टेअरिंग होतं, पायाखाली ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर होते, गिअरचा दांडा होता. म्हणजे डोळ्याला काहीच खरं नव्हतं, हातापायाला मात्र सगळं. दोन वर्षांनी 'नाइट ड्रायव्हर' आला. त्यात रस्ता चालकाच्या नजरेतून दिसला. रात्रीचा काळोख आणि दोन्ही कडांना पळत येणारे पांढरे खांब, एवढंच. पुढची गाडी पडद्यावर उमटतही नव्हती. तिचं चित्र छापलेला प्लास्टिकचा तुकडा काचेवर लावलेला असे. दशावतारात एक बाकडं मांडलं की आपण त्याला सिंहासन म्हणतो की नाही? तसंच हे. आपली मुलं ताडफळाची चाकं करून गाडी ओढायची, आवाज तोंडाने काढायची, त्याच जातीचा प्रकार.

त्याच १९७६ साली 'डेथ रेस' नावाचा खेळ आला. त्यात रस्त्यावर पळणाऱ्या आकृत्यांना गाडीखाली चिरडायचं असे. चिरडलं की किंकाळी आणि त्या जागी क्रूस. कंपनी म्हणाली, ही माणसं नाहीत, भुतं आहेत. अमेरिकेत त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता. पण मला त्यातली दुसरी गोष्ट टोचली. रस्त्यावर पायी चालणारं कुणीतरी या खेळांत आलं, ते इतक्या लवकर आलं आणि असं आलं. चिरडण्यापुरतं. त्यानंतरच्या शर्यतीच्या खेळांत रस्ता बहुतेक मोकळाच राहिला.

१९८२ मध्ये जपानच्या नामको कंपनीचा 'पोल पोझिशन' आला. त्यातला रस्ता मनाने काढलेला नव्हता, जपानमधल्या फुजी इथल्या खऱ्या शर्यतीच्या मैदानावरून घेतलेला होता. १९८६ मध्ये सेगा कंपनीच्या यू सुझुकी यांनी 'आउट रन' काढला. त्यासाठी ते युरोपात मोटारीने हिंडून रस्ते बघून आले होते. त्यात लाल गाडीत एक तरुण आणि त्याची मैत्रीण असते. गाडी आपटली की उलटीपालटी होते, दोघं बाहेर फेकली जातात आणि पुढच्या क्षणाला पुन्हा गाडीत बसून निघतात. चित्र सुरेख, गाणी छान. रस्ता मात्र तुमच्याआमच्या रस्त्यासारखा अजून वागत नव्हता.

तो वागायला लागला १९८९ च्या सुमाराला, आणि इथे जरा थांबायला हवं.

त्या वर्षी 'हार्ड ड्रायव्हिंग' हा खेळ आला. त्याला किल्ली होती, क्लच होता आणि स्टेअरिंग हाताला उलटं ओढत होतं, खऱ्या गाडीचं ओढतं तसं. गाडी कशी वागते याचं गणित बसवायला त्यांनी डग मिलिकन या गाड्यांच्या हालचालींच्या जाणकाराला घेतलं होतं. हे गणित कशाचं असतं? मुख्यतः दोन गोष्टींचं, वजनाचं आणि टायरच्या पकडीचं.

ही विद्या तुम्हाला येते. एसटीत उभ्याने प्रवास करून ती तुमच्या अंगात गेली आहे. साखरप्याहून आंबा घाट चढताना कुठल्या वळणाला दांडा घट्ट धरायचा, हे सांगावं लागत नाही. ब्रेक लागला की सगळा लोंढा पुढे येतो, कारण वजन पुढच्या चाकांवर जातं. वळणावर आपण बाहेरच्या अंगाला ढकलल्या जातो, कारण गाडी वळली तरी आपलं अंग सरळ जायला बघतं, आणि वजन बाहेरच्या चाकांवर पडतं. बैलगाडीवाल्या माणसाला हेच वेगळ्या शब्दांत ठाऊक असतं: मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर येतं. आणि पकड म्हणजे काय? एवढी मोठी मोटार, तिचं एकेक चाक रस्त्याला टेकतं ते तळहाताएवढ्या जागेत. त्या चार तळहातांवर सगळा संसार. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल एक होऊन ते तळहात घसरतात. वरून जांभ्याची लाल माती वाहून आली असेल तर विचारूच नका.

खेळ बनवणाऱ्यांनी हे सगळं आकड्यांत घातलं. गाडी किती जड, वजन कुठल्या चाकावर किती, टायर किती तापलं, रस्ता ओला की सुका. सेकंदाला कितीतरी वेळा हा हिशेब पुन्हा पुन्हा होतो, आणि त्यावरून गाडी वळणार की घसरणार ते ठरतं. चित्र खरं दिसणं आणि गाडी खरी वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोरांना पहिली लगेच कळते. दुसरी कळायला बरेच जण गाडीखाली येता येता वाचावे लागतात.

१९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये 'ग्रान तुरिस्मो' आला. काझुनोरी यामाउची आणि त्यांच्या माणसांनी त्यावर पाच वर्षं घालवली. शंभरावर खऱ्या कंपन्यांच्या गाड्या, प्रत्येकीची वागणूक वेगळी. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. मोठ्या शर्यतीत उतरायचं तर खेळातलं लायसन्स काढावं लागे. परीक्षा द्यायच्या: इतक्या अंतरात थांबून दाखव, हे वळण इतक्या वेळात काढून दाखव. नापास झालास तर पुन्हा ये. आपल्याकडे खऱ्या लायसन्सच्या परीक्षेत किती जणांना वळणावर थांबवून दाखवायला लावतात, ते तुम्हीच आठवा.

पण याच खेळात गाडी भिंतीवर आपटली तरी पत्र्याला पोचा दिसत नसे. पहिले चार खेळ असेच गेले. मोडतोड दिसायला लागली ती पाचव्यात, २०१० साली. खऱ्या गाडीचं नाव आणि रूप वापरायला कंपनीची परवानगी लागते. आपली गाडी चुरगळलेली दिसावी असं कुठल्या कंपनीला वाटेल? टायरचं तापमान आलं, आरशातलं प्रतिबिंब आलं, पण आपटल्याचा परिणाम सगळ्यात शेवटी आला, तोही पत्र्यापुरता. आतल्या माणसाला काय होतं ते या खेळांत अजूनही दिसत नाही.

रस्त्यांचं खरेपण आणखी पुढे गेलं. आपल्या गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली, ती तुम्हाला आठवत असेल. स्वामित्व योजनेत वरून फोटो काढून घराघराच्या हद्दी ठरवल्या. शर्यतीच्या मैदानांची मोजणी थोड्या वेगळ्या तऱ्हेने होते. एक यंत्र प्रकाशाचा किरण सोडतं, तो आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतं. असे लाखो-करोडो बिंदू घेतले की रस्त्यावरचा बारीक उंचवटासुद्धा खेळात येतो. २००८ साली सुरू झालेल्या 'आय-रेसिंग' या खेळाने हे मोठ्या प्रमाणावर केलं.

आपल्या देशातला रस्ताही या खेळांत गेला. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध आंतरराष्ट्रीय मैदान बांधलं, सव्वापाच किलोमीटरच्या आतलंच. पहिली फॉर्म्युला वन शर्यत ३० ऑक्टोबर २०११ ला झाली. पण 'एफ वन २०११' हा खेळ सप्टेंबरातच बाजारात आला होता आणि त्यात हे मैदान होतं. म्हणजे खरी गाडी धावण्याआधी पोरांनी घरात बसून तिथे गाड्या पळवल्या. खरी शर्यत तीन वर्षं चालली आणि २०१३ नंतर बंद पडली. त्याच २०११ साली आपल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला सुरुवात झाली होती. तो पुढे किती वर्षं रखडला, ते हातखंब्याच्या तिठ्यावर धूळ खात उभी राहिलेली बाई सांगेल. त्याचा खेळ कुणी काढला नाही. काढला असता तर सगळ्यात अवघड तोच ठरला असता!

आता कोणी म्हणेल, इतकं खरं असेल तर यात तरबेज मुलगा खरी गाडी चालवू शकेल का? ही परीक्षा झालेली आहे. २००८ साली निस्सान आणि सोनी या कंपन्यांनी खेळणाऱ्या मुलांची निवड करून त्यांना खऱ्या शर्यतीत उतरवायला सुरुवात केली. पहिला निवडला गेलेला स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ. तीन वर्षांत तो फ्रान्समधल्या ले माँ या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. २०११ ला निवडला गेलेला ब्रिटनचा यान मार्डेनबरो. त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही निघाला. तेव्हा विद्या खोटी नाही. पण निवड झाल्यावर त्यांना थेट गाडी दिली नव्हती. अनेक महिने शिकवलं, व्यायाम करून घेतला, लहान शर्यतींत घातलं, शेजारी जाणकार होते, अंगावर आगीला दाद न देणारे कपडे होते.

तरीही मार्च २०१५ मध्ये जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंग मैदानावर मार्डेनबरोची गाडी एका चढावावर वाऱ्याने पुढून उचलली गेली आणि कुंपणापलीकडे प्रेक्षकांत जाऊन पडली. बघायला आलेला एक माणूस गेला. ते मैदान खेळांतलं सगळ्यात गाजलेलं मैदान आहे. जगभरच्या पोरांना त्याची वळणं तोंडपाठ असतात. पडद्यावर तिथे गाडी उडाली तर दोन सेकंदांत पुन्हा रस्त्यावर येते.

शर्यतीचं सांगून झालं. आता पडवीतल्या एसटीकडे येऊ, कारण आपल्या मुलांना फॉर्म्युला वनपेक्षा तिचंच वेड जास्त. ही एसटी राहते इंडोनेशियात! मालेओ नावाच्या तिथल्या कंपनीने २०१७ साली 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा मोबाईलवरचा खेळ काढला. तिकडे बसला सुरेल हॉर्न असतात आणि रस्त्याकडेची मुलं चालकाला ओरडून हॉर्न वाजवायला सांगतात. तो हॉर्नही खेळात आहे. खेळाची सोय अशी, की आपल्याला हवी ती बस बनवून त्यात घालता येते. मग केरळच्या मुलांनी केरळच्या बस घातल्या, आपल्या मुलांनी लालपरी घातली. कुणी शिकवलं नाही, पगार नाही. पण खिडक्यांच्या गजांचं अंतर, पाटीवरची अक्षरं, पत्र्याचा लाल रंग नेमका कुठला, यावर ही मुलं तासन् तास घालवतात. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. तेव्हापासून या गाडीवर महाराष्ट्राने जी माया केली, तीच इथेही दिसते. मला त्याचं कौतुकच वाटतं. घरातला मुलगा असली बस बनवत असेल तर त्याला चित्रकला, गणित आणि संगणक तिन्ही येतंय असं समजा.

पण लालपरी फक्त गाडी नव्हे. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे चालक पाळतो. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवायची, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात, हे तो जाणतो. वळणाआधी हॉर्न देतो, कारण पलीकडे गुरं असतील, लाकडाचा भारा घेतलेली बाई असेल. मागे साठ जीव आहेत हे त्याच्या पायाला माहीत असतं. काकूंनी विचारलं ते हेच.

आणि रस्ता मोकळा नसतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती आणि जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची. ज्यांना खेळात जागा नाही, ती ही माणसं. कडेने चालणाऱ्या बहुतेक आपणच असतो.

म्हणून मोबाईलवर ज्याची बस झकास पळते, तो पंधरा वर्षांचा मुलगा "आई, मला येते गं" म्हणत बाईकची किल्ली मागतो तेव्हा काय करायचं, ते आधीच ठरवून ठेवा. मोटारसायकलला १८ पूर्ण लागतात. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आहे. लहान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. गाडी अनेकदा आईच्या नावावर घेतलेली असते, हेही ध्यानात ठेवा.

खरंच शिकायचं तर वाट आहे. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. अशा केंद्रात लिंकच्या लाकडी विमानाचं आजचं रूप, म्हणजे सिम्युलेटर असावा लागतो, आणि सरावासाठी वेगळा रस्ता. हलक्या गाडीचा अभ्यासक्रम २९ तासांचा, चार आठवड्यांच्या आत संपवायचा. आधी पडद्यावर आपटा, मग रस्त्यावर या.

हे फक्त मुलग्यांसाठी नाही. एसटीने २०१९ मध्ये चालक तथा वाहक म्हणून बायकांची भरती केली. मार्च २०२३ पासून आपण अर्ध्या तिकिटात बसतो, ते मागच्या बाकावर. पुढच्या सीटवरही आता बाई दिसू शकते. पण पडवीत मोबाईल कोणाच्या हातात होता? तिन्ही मुलग्यांच्या. माझी पुतणी, तेरा वर्षांची, मागून मान उंचावून बघत होती. काकू म्हणाल्या, "तिला पण द्या की रे."

तिने एसटी घेतली. इतकी हळू चालवली की भाऊ वैतागले. प्रत्येक वळणाआधी हॉर्न. एका चढावर समोरून ट्रक आला तर कडेला थांबून राहिली. मुलं म्हणाली, अगं, तो पडद्यातला ट्रक आहे, जा पुढे. ती म्हणाली, "तो चढतोय ना." आणि ट्रक जाईपर्यंत थांबली.